अंगवळण : फ्लॅनरी ओ'कॉनर आणि लेखनाच्या सातत्याचा प्रश्न

यंदाच्या पावसाळ्यातील एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक शिक्षक मला भेटावयास आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यांनी तीन वह्या आणल्या होत्या. तीन वह्यांत तीन कादंबऱ्यांचे आरंभ होते. पहिलीची चाळीसएक पाने, दुसरीची बावीस आणि तिसरीची अवघी नऊ. "फादर, पाने उतरत चालली आहेत," असे म्हणून ते हसले; परंतु त्या हसण्यात आनंद नव्हता. मग त्यांनी मला एक जुनी आठवण करून दिली. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी मला विचारले होते, "लिहावेसे वाटते, पण सातत्य राहत नाही. काय करावे?" त्यावर मी मोठ्या अधिकारवाणीने सांगितले होते, "घाई करू नका. आतून आल्याखेरीज लिहू नका. प्रेरणेची वाट पाहा." माझे उत्तर त्यांनी प्रमाण मानले आणि अकरा वर्षे वाट पाहिली.

ते गेल्यानंतर बराच वेळ मी अस्वस्थ होतो. ते उत्तर ऐकावयास गोड होते. पण ते चुकीचे होते. सेमिनरीच्या वर्गात ज्याने संत थॉमस अक्विनासचे पाठ गिरवले, त्याने तरी ते द्यावयास नको होते. प्रस्तुत लेख म्हणजे एका अर्थाने त्या चुकीची भरपाई आहे. त्यासाठी मी एका लेखिकेचे उदाहरण निवडले आहे. नवोदित कथालेखकाने उमेद कशी टिकवावी आणि लिहिते कसे राहावे, या प्रश्नाचा तिने आयुष्यभर विचार केला आणि तो विचार आपल्या दिनक्रमात उतरवला. तिच्या पहिल्या आणि अखेरच्या कथेत त्याचा पुरावाही शिल्लक आहे.

फ्लॅनरी ओ'कॉनर हिचा जन्म 25 मार्च 1925 रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील सव्हाना शहरी एका कॅथलिक कुटुंबात झाला. 2025 साली तिच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. ती पंधरा वर्षांची असताना, 1941 साली, तिचे वडील ल्यूपस नावाच्या रोगाने वारले. शरीराची संरक्षणशक्तीच शरीरावर उलटते, असा हा रोग. पदवीनंतर ती आयोवा विद्यापीठाच्या लेखन कार्यशाळेत दाखल झाली आणि 1947 साली तेथील पदव्युत्तर पदवी तिने संपादन केली. 1950 च्या डिसेंबरात, नाताळसाठी घरी येत असतानाच, तिला त्याच रोगाने गाठले. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. पुढील आयुष्य तिने मिलेजव्हिल गावाबाहेरील 'अँडलूशिया' या शेतवाडीवर आईसोबत काढले. 1955 पासून तिला कुबड्यांचा आधार घ्यावा लागला आणि 3 ऑगस्ट 1964 रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ती निवर्तली. एवढ्या आयुष्यात तिने 'वाइज ब्लड' (1952) आणि 'द व्हायोलंट बेअर इट अवे' (1960) या दोन कादंबऱ्या लिहिल्या. 'अ गुड मॅन इज हार्ड टू फाइंड' (1955) हा कथासंग्रह तिच्या हयातीत निघाला, तर 'एव्हरीथिंग दॅट रायझेस मस्ट कन्व्हर्ज' हा दुसरा संग्रह तिच्या मृत्यूनंतर 1965 साली प्रसिद्ध झाला. 1971 साली तिच्या एकतीस कथा एका ग्रंथात एकत्र आल्या आणि त्या ग्रंथाला 1972 चा अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार लाभला.

दोन कादंबऱ्या आणि एकतीस कथा, हा संभार कोणी विपुल म्हणणार नाही. आपल्याकडील कित्येक कथाकारांनी पाच-सात वर्षांत याहून अधिक पाने छापली आहेत. म्हणून 'लिहिते राहणे' याचा अर्थ पानांच्या संख्येत शोधू नये, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. पहिल्या कादंबरीला तिला सुमारे पाच वर्षे लागली आणि दुसरीला त्याहून अधिक. तथापि शक्य त्या प्रत्येक दिवशी ती लिहावयास बसली.

तिचा दिनक्रम साधा होता. सकाळी आईबरोबर गावातील चर्चमध्ये मिस्सा, मग लेखन, दुपारी जेवण, त्यानंतर पाहुणे, पत्रव्यवहार आणि तिने हौसेने पाळलेले मोर. रात्री निजण्यापूर्वी ती संत थॉमसच्या 'सुम्मा थिओलॉजिका'तील काही भाग वाची. जिने चढणे अशक्य झाल्याने तिची खोली तळमजल्यावर होती. टाइपरायटरचे मेज तिने खिडकीसमोर न मांडता कपाटाच्या पाठीकडे तोंड करून मांडले होते. बाहेर हिरवेगार शेत होते आणि अंगणात मोर नाचत होते. परंतु लिहिताना तिच्या दृष्टीसमोर लाकडी फळी असे. आपल्याकडे लेखकाला 'निसर्गरम्य वातावरण' हवे असते, अशी एक समजूत आहे. ओ'कॉनरने निसर्गरम्य वातावरणाकडे पाठ करून लिहिले.

एका तरुण लेखिकेला 1957 साली पाठविलेल्या पत्रात तिने आपली पद्धत सांगितली आहे. तिचा आशय असा : मला दिवसाकाठी दोनच तास लिहिता येते, कारण तेवढीच शक्ती अंगात उरली आहे, पण त्या दोन तासांना मी कशाचाही स्पर्श होऊ देत नाही, वेळ तीच आणि जागाही तीच. कधी कधी महिनोन्महिने लिहिलेले सारे टाकून द्यावे लागते. पण तो काळ वाया गेला असे ती मानीत नाही. या पत्रातील कोणता शब्द आपल्याला सोयीचा नाही, हे लक्षात घ्यावे. 'दोन तास' हा शब्द आपण आनंदाने उचलतो. 'महिनोन्महिने लिहिलेले टाकून देणे' याकडे मात्र आपण काणाडोळा करतो. जे टाकले ते वाया गेले नाही, असे ती कोणत्या आधारावर म्हणते?

याचे उत्तर तिच्या वाचनात आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ जाक मारितँ यांचा 'आर्ट अँड स्कोलॅस्टिसिझम' हा ग्रंथ तिने तरुणपणीच आत्मसात केला होता. मूळ फ्रेंच ग्रंथ 1920 चा. मारितँ यांनी संत थॉमसचा एक विचार आधुनिक कलावंतांपुढे मांडला : कला ही प्रथमतः भावना नव्हे, की वस्तूही नव्हे; कला म्हणजे कर्त्याच्या बुद्धीत स्थिरावलेले एक सामर्थ्य होय. लॅटिनमध्ये त्याला 'हाबितुस' अशी संज्ञा आहे. सेमिनरीत आमचे प्राध्यापक या शब्दाचे भाषांतर 'सवय' असे करीत आणि आम्ही ते निमूटपणे लिहून घेत असू. आज मला ते भाषांतर अपुरे वाटते. सवय म्हणजे जे नकळत, विचाराविना घडते ते. चहाची सवय असते, नखे खाण्याचीही असते. 'हाबितुस' मात्र विचारी कृती सुलभ करणारे सामर्थ्य आहे. त्याला मराठीत एक जुना, घरगुती शब्द आहे : अंगवळण. सुताराचा हात रंध्यावर जसा पडतो, गवंड्याचा डोळा ओळंब्याशिवायही भिंतीचा कल जसा ओळखतो, तसे हे सामर्थ्य असते. ते करणाऱ्याच्या अंगात वळते, म्हणून अंगवळण.

संत थॉमस 'सुम्मा'च्या दुसऱ्या भागाच्या पूर्वार्धात या विषयाला अनेक प्रकरणे देतात. त्यांतील तीन मुद्दे लेखकाच्या दृष्टीने मोलाचे आहेत. पहिला असा की, असे सामर्थ्य सहसा एका कृतीने उत्पन्न होत नाही; त्यासाठी कृतीची पुनरावृत्ती लागते. दुसरा असा की, कृती थांबली की ते क्षीण होते आणि लोपही पावते. आमच्या शिक्षकांच्या वह्यांची पाने चाळिसांवरून नऊवर का आली, याचा खुलासा तेराव्या शतकात होऊन गेला आहे! वाट पाहण्याच्या काळात त्यांच्या अंगातील कला झिजत होती. तिसरा मुद्दा असा की, कला कृतीला चांगली करते, कर्त्याला नव्हे. त्याकडे मी पुढे वळणार आहे, कारण तो ओ'कॉनरलाही लागू पडतो.

आता टाकून दिलेल्या पानांचे कोडे उलगडते. सकाळच्या दोन तासांत दोन गोष्टी घडत असतात. एक मजकूर कागदावर उतरतो आणि एक सामर्थ्य लिहिणाराच्या अंगात उतरते. मजकूर वाईट उतरला तर तो टोपलीत जातो. पण ते सामर्थ्य टोपलीत जात नाही, ते दुसऱ्या दिवशी मेजावर हजर असते. नवोदित लेखक केवळ मजकुराचा हिशेब ठेवतो, म्हणून तो लवकर निराश होतो.

मग प्रेरणेला काहीच स्थान नाही काय? तसे म्हणणे ओ'कॉनरच्या बाबतीत खरे ठरणार नाही. 1955 च्या आरंभी तिने 'गुड कंट्री पीपल' ही कथा अवघ्या चार दिवसांत लिहून काढली. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळविलेली, लाकडी पायाची एक गर्विष्ठ तरुणी आणि तिला फसवून तो पायच पळवून नेणारा बायबलविक्रेता, अशी ती कथा आहे. पुढे एका व्याख्यानात तिने कबूल केले की, लिहावयास बसताना या कथेत अशी तरुणी येणार आहे हे तिला ठाऊक नव्हते. आणि विक्रेता तो पाय चोरणार, हे त्या प्रसंगाच्या दहा-बारा ओळी आधीपर्यंत तिला कळले नव्हते. यालाच आपण प्रेरणा म्हणतो. पण ही प्रेरणा कोणाकडे आली? गेली नऊ-दहा वर्षे जी सकाळी जागेवर बसत होती तिच्याकडे. आपण रोज जागेवर असतो, म्हणून काही आलेच तर ते घ्यावयास आपण तेथे असतो, अशा आशयाचे तिचे म्हणणे होते. प्रेरणा खरी आहे. परंतु घरी कोणी नसेल तर पाहुणा परत जातो. अकरा वर्षांपूर्वी मी त्या शिक्षकांना पाहुण्याची वाट पाहावयास सांगितले. घरात थांबावयास सांगितले नाही.

इतके विवेचन कोणी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थीही करील. समीक्षकाने ते कृतीत दाखवावयास हवे. ओ'कॉनरच्या समग्र कथासंग्रहाची पहिली कथा 'द जिरेनियम' ही आहे आणि शेवटची 'जजमेंट डे'. पहिली 1946 साली, ती एकवीस वर्षांची असताना, 'अॅक्सेंट' या नियतकालिकात छापून आली. दुसरी तिने 1964 साली मरणाच्या दारात असताना पुरी केली. या दोन कथा वस्तुतः एकच आहेत. मधल्या काळात तिने हाच विषय 'अॅन एक्झाइल इन द ईस्ट' या नावाने आणखी एकदा लिहून पाहिला होता. अठरा वर्षांच्या सकाळींनी एका कथेचे काय केले, हे पडताळून पाहण्याची अशी संधी वाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच मिळते.

'द जिरेनियम'मध्ये दक्षिणेतील एक म्हातारा, डडली, न्यूयॉर्कमध्ये मुलीच्या घरी राहावयास आला आहे. समोरच्या इमारतीच्या खिडकीत शेजारी रोज सकाळी जिरेनियमची कुंडी ठेवतात आणि संध्याकाळी आत घेतात. ती पाहत बसणे हाच त्याचा उद्योग आहे. शेजारच्या घरात एक कृष्णवर्णीय गृहस्थ राहावयास येतो. म्हाताऱ्याच्या मनात वर्णभेद मुरलेला आहे. जिन्यात तो अडखळतो तेव्हा तोच गृहस्थ त्याला हात देऊन, पाठीवर थोपटून वर आणतो आणि म्हाताऱ्याला ही ममता अपमानासारखी झोंबते. खिडकीशी येऊन पाहतो तो कुंडी खाली गल्लीत फुटून पडली आहे आणि झाडाची मुळे वर आली आहेत. कथा येथे संपते.

एकवीस वर्षांच्या मुलीने लिहिलेली ही कथा निश्चितच चांगली आहे. तरीही तिची शिवण दिसते. मुळासकट उपटलेले झाड म्हणजे मुळासकट उपटलेला म्हातारा, हे लेखिकेने वाचकासाठी खिडकीत मांडून ठेवले आहे. ते प्रतीक कथेच्या गरजेतून न येता लेखिकेच्या हेतूतून आलेले आहे. म्हाताऱ्याचे दुःख खरे आहे. पण लेखिका त्याच्याकडे दुरून, किंचित कीव करीत पाहते. कृष्णवर्णीय गृहस्थ तर म्हाताऱ्याला लाजविण्यापुरताच कथेत आला आहे.

'जजमेंट डे'तील म्हाताऱ्याचे नाव टॅनर. तोही मुलीच्या घरी न्यूयॉर्कमध्ये आहे. परंतु तो खिडकीत बसून झाड पाहत नाही; त्याला जिवंत वा मेलेला, पण जॉर्जियातील कॉरिंथला परत जावयाचे आहे. आपले प्रेत कोठे पाठवावे, याची चिठ्ठी त्याने खिशात टाचून ठेवली आहे. कुंडीच्या जागी चिठ्ठी आली. कुंडी काही करीत नाही, ती केवळ सुचविते. चिठ्ठी काम करते : तिच्यात म्हाताऱ्याचा हट्ट आहे, मुलीवरचा अविश्वास आहे आणि मरणानंतरही आपल्याला कोठे तरी पोचावयाचे आहे ही श्रद्धा आहे. प्रतीक शोधावे लागत नाही, ते खिशातच आहे.

दुसरा पालट याहून खोल आहे. टॅनरच्या आठवणीत कोलमन नावाचा कृष्णवर्णीय सोबती आहे. तीस वर्षांपूर्वी दोघे समोरासमोर आले तेव्हा भांडणाचाच प्रसंग होता. टॅनरने हातातल्या चाकूने झाडाच्या सालीचा बिनकाचेचा चष्मा कोरला आणि कोलमनला दिला. कोलमनने तो डोळ्यांवर चढवून टॅनरकडे पाहिले. काय दिसते, असा प्रश्न आणि त्याचे सावध उत्तर, एवढाच तो प्रसंग. त्यात विनोद आहे, भीती आहे, अहंकार आहे आणि दोन माणसांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहणे आहे. 1946 च्या कथेत असा एकही क्षण नाही. आणि जिन्यातला शेजारी? तो आता एक अभिनेता आहे, स्वाभिमानी आहे. टॅनर त्याला आपल्या गावाकडच्या समजुतीने 'प्रीचर' म्हणून हाक मारतो, तेव्हा तो संतापतो. म्हाताऱ्याने माणूस ओळखण्यात जी चूक केली, तिची किंमत त्याला प्राणांनी मोजावी लागते. कठड्याच्या गजांत डोके आणि हात अडकलेल्या अवस्थेत तो मुलीला सापडतो. मुलगी त्याला आधी न्यूयॉर्कमध्येच पुरते. पण दिलेला शब्द मोडल्यामुळे तिला झोप येईना, म्हणून ती प्रेत उकरून कॉरिंथला पाठवते. मग तिला झोप लागते. टॅनरने स्वप्नात पाहिले होते की, आपली शवपेटी गावच्या स्टेशनावर उतरते आहे आणि आपण आतून उसळून न्यायाच्या दिवसाची आरोळी ठोकतो आहोत. पहिली कथा फुटलेल्या कुंडीपाशी संपली होती. शेवटची कथा पुनरुत्थानाच्या उंबरठ्यापर्यंत जाते आणि तेही हसत हसत, कोठेही प्रवचन न करता.

कथाबीज मात्र बदललेले नाही. एकविसाव्या वर्षीच ते तिच्यापाशी होते. ज्याला आपण 'कल्पना सुचणे' म्हणतो ते तेव्हाच घडले होते. जे तेव्हा नव्हते ते म्हणजे चिठ्ठी, सालीचा चष्मा आणि मुलीची उडालेली झोप. ही अठरा वर्षांची कमाई आहे. त्या अठरा वर्षांत आजार होता, आईवर अवलंबून राहण्याची नामुष्की होती आणि टोपलीत गेलेली असंख्य पाने होती. आपली कल्पना दुबळी म्हणून वही अर्धवट राहिली, असे नवोदित लेखकाला वाटते. बहुधा कल्पना दुबळी नसते; ती कल्पना पेलण्याइतका हात अजून तयार झालेला नसतो आणि हात तयार करण्याचा लिहिण्यावाचून दुसरा उपाय नसतो.

येथे दोन आक्षेपांचा विचार करणे न्यायाचे होईल.

पहिला आक्षेप परिस्थितीचा. ओ'कॉनरला नोकरी नव्हती, मुलेबाळे नव्हती. शेतवाडीचा सारा कारभार तिची आई रेजिना पाहत असे. ते दोन तास केवळ लेखिकेच्या निग्रहाने राखले गेले नाहीत. दुसऱ्या एका स्त्रीच्या श्रमांनीही ते राखले. आमच्या गावातील ज्या भगिनी पहाटे उठून डबे करतात, सकाळची लोकल गाठतात आणि रात्री भांडी आवरून मग एखादी कथा लिहू पाहतात, त्यांना 'रोज दोन तास बसा' असे सांगणे निर्दयपणाचे ठरेल. परंतु संत थॉमसचे म्हणणे पुनरावृत्तीविषयी आहे, तासांविषयी नव्हे. अर्धा तास असेल तर अर्धा तास. आठवड्यातून तीन दिवस असतील तर ते तीन ठरलेले दिवस. आणि घरच्यांनीही जाणावे की, कुटुंबात कोणी लिहीत असेल तर त्या अर्ध्या तासाची राखण करणे हेही त्या लेखनातले एक काम आहे. ओ'कॉनरला आणखीही एक आधार होता. कॅरोलाइन गॉर्डन या ज्येष्ठ कादंबरीकर्तीकडे ती आपले खर्डे पाठवी आणि त्यांची सविस्तर, प्रसंगी कठोर टीका स्वीकारून पुन्हा लिही. सातत्य हे एकट्याचे तप आहे, ही समजूत अर्धसत्य आहे. निदान एक जाणता वाचक हवा आणि त्याची स्तुती नव्हे, खूण केलेली पाने हवीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ओ'कॉनरच्या खाजगी पत्रांत कृष्णवर्णीयांविषयी हिणकस उद्गार आहेत. 2020 साली या विषयावर अमेरिकेत मोठी चर्चा झाली आणि मेरीलँड येथील लोयोला विद्यापीठाने आपल्या एका वसतिगृहाला दिलेले तिचे नाव काढून टाकले. जिने कोलमन आणि तो स्वाभिमानी अभिनेता निर्माण केला, तिनेच ती पत्रे लिहावीत? येथे संत थॉमसचा तिसरा मुद्दा उपयोगी पडतो. कला कृतीला चांगली करते, कर्त्याला नव्हे. कारागिराची पारख त्याच्या वस्तूवरून होते, त्याच्या अंतःकरणावरून नव्हे. मेजापाशी तिचा हात तिच्या मनाहून अधिक प्रामाणिक होता. हे तिचे समर्थन नव्हे. रोज सकाळी लिहावयास बसणे म्हणजे पवित्र होणे नव्हे, एवढेच त्यातून शिकावयाचे. अंतःकरणाच्या शुद्धीसाठी वेगळी साधना लागते आणि तीही रोजचीच असते. आमच्या लेखकांपैकी काहींना साहित्यसेवा हेच पुण्य वाटते, म्हणून हे सांगणे भाग आहे.

तिची एक छोटी वही 2013 साली 'अ प्रेअर जर्नल' या नावाने प्रसिद्ध झाली. आयोवात शिकत असताना, 1946-47 च्या सुमारास, तिने ती लिहिली. त्यात ती देवाशी मोकळेपणाने बोलते. आपल्याला चांगली लेखिका व्हावयाचे आहे, आपण सामान्यच राहू की काय ही भीती आहे आणि लेखन साधले तर ते देवाचे देणे समजू, असा तिचा सूर आहे. ही वही वाचताना मला आमच्या शिक्षकांचा चेहरा आठवला. ज्या मुलीचा एकविसाव्या वर्षी स्वतःवर भरवसा नव्हता, तीच पुढे इतक्या ठामपणे लिहू शकली. तो भरवसा आधी आला नाही. तो कामामागून आला. उमेद वाढली की लिहू, असे आपण म्हणतो. तिच्या आयुष्यात क्रम उलटा होता.

अखेरच्या दिवसांविषयी कॅरोलाइन गॉर्डन यांनी एक प्रसंग सांगितला आहे. डॉक्टरांनी रुग्णशय्येवरील ओ'कॉनरला काम करण्यास मनाई केली होती. थोडी कथा लिहिली तर चालेल असे मात्र ते म्हणाले, असे मिस्कीलपणे सांगून तिने उशीखालून वही काढून दाखविली. डॉक्टरांच्या दृष्टीने कथालेखन हे काम नव्हतेच! 1964 च्या जुलैत तिने रुग्णाभ्यंगाचा संस्कार स्वीकारला. त्याच उन्हाळ्यात तिने 'पार्कर्स बॅक' आणि 'जजमेंट डे' या कथांवर अखेरचा हात फिरविला. तिला प्रेरणेची वाट पाहण्याइतका अवधी उरला नव्हता. पण तिला तशी गरजही नव्हती. हात वळलेला होता.

आम्हा धर्मगुरूंना हे समजावयास अवघड जाऊ नये. दीक्षेच्या वेळी आम्ही प्राहरिक प्रार्थनेचे वचन देतो. गेली पंचवीस-तीस वर्षे मी ती प्रार्थना म्हणत आलो आहे. त्यांतील किती दिवस मन भरून आले होते आणि किती दिवस ओठच तेवढे हलत होते, याचा हिशेब मांडला तर तो मला भूषणावह ठरणार नाही. पण मन कोरडे आहे म्हणून पुस्तक मिटले असते, तर ज्या थोड्या सकाळी खरोखर काही गवसले, त्या सकाळीही मी तेथे नसतो. प्रार्थनेच्या बाबतीत जे मला ठाऊक होते, ते लेखनाच्या बाबतीत मी त्या शिक्षकांना सांगितले नाही, याचा मला खेद आहे.

असो. पुढच्या रविवारी मिस्सानंतर मी त्यांना थांबवून घेतले आणि जुने उत्तर मागे घेतले. तीन वह्यांपैकी एकच निवडावयास सांगितले. त्यांनी नऊ पानांची निवडली, याचे मला बरे वाटले. शाळेपूर्वीचा पाऊण तास ठरला. जागा स्वयंपाकघरातील मेजाची, भिंतीकडे तोंड करून. वहीच्या शेवटच्या पानावर पानांची संख्या न लिहिता बसल्याच्या दिवसांची खूण करावयाची आणि सहा महिने मला काहीही दाखवावयाचे नाही, असेही ठरले. "आणि फादर, एखाद्या दिवशी काहीच सुचले नाही तर?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "मग पाऊण तास बसून राहा आणि खूण करा."

ती मुदत नाताळच्या सुमारास संपेल. त्या वेळी वहीत कादंबरी असेल की टाकून द्यावयाची पाने असतील, हे मी सांगू शकत नाही. परवा ते बाजारात भेटले तेव्हा मी लेखनाचा विषय काढला नाही. निघताना तेच म्हणाले, "फादर, त्रेसष्ट खुणा झाल्या."